ज्ञानकोशकार केतकर : लेखणी आणि वर्गणी

ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. त्यांचे नाव सामान्यतः पुण्याशी जोडले जाते आणि ते स्वाभाविकही आहे. कारण ज्ञानकोशाचे खंड पुण्याहून बाहेर पडले आणि केतकरांनी देहही तेथेच ठेवला. परंतु रामाकोना, सौसर, पांढुर्णा ह्या पट्ट्यातील मराठी वाचकाने त्यांच्याकडे थोड्या अधिक आपुलकीने पाहावे, असे त्यांच्या चरित्रात पुष्कळ आहे. रायपूर तेव्हा मध्यप्रांतात होते, आपला छिंदवाडा जिल्हाही मध्यप्रांतातच होता, आणि दोहोंची राजधानी नागपूर ही होती. आज रायपूर छत्तीसगडची राजधानी आहे, आपला सौसर तालुका २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला आहे, आणि नागपूर महाराष्ट्रात आहे. सीमा हलत राहिल्या. केतकरांनी मात्र १९१६ साली, महाराष्ट्र नावाचे राज्य अस्तित्वात नसताना, आपल्या कोशाला महाराष्ट्रीय हे विशेषण लावले, आणि मराठी वाचणारे घर जेथवर सापडेल तेथवर त्या विशेषणाचा पल्ला आहे असे धरून ते वर्गणीदार शोधीत हिंडले.

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात केतकरांवर लेख असावा यात नवल नाही. त्यांच्या विद्वत्तेविषयी, समाजशास्त्रीय मतांविषयी आणि विक्षिप्तपणाविषयी भरपूर लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू मांडावयाची आहे. पुस्तक लिहिणे आणि पुस्तक खपविणे ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या डोक्यावर आली असता त्याने वेळेची वाटणी कशी केली, आणि त्या वाटणीत त्याने काय कमावले व काय गमावले, हा तो विषय होय. आपल्या भागातील लेखकाला हा प्रश्न परका नाही. येथे कविता, कथा, गावाचा इतिहास लिहिणारी माणसे आहेत; प्रकाशक दूर आहेत. मग लेखक पदरचे पैसे घालून नागपुरात पुस्तक छापून आणतो, गठ्ठे घरात पलंगाखाली ठेवतो आणि शाळा, वाचनालये, लग्नसमारंभ, संमेलने अशा वाऱ्या सुरू करतो. वर्ष-दोन वर्षांनी गठ्ठे संपतात, पण दुसरे पुस्तक लिहून झालेले नसते. केतकरांपुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा होता. त्यांचा गठ्ठा २३ खंडांचा होता.

केतकरांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गेले, परंतु तेथील अभ्यासक्रमात त्यांचे मन रमले नाही. १९०६ साली ते अमेरिकेस गेले व इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ १९०९ मध्ये तेथेच प्रसिद्ध झाला; त्याचा दुसरा भाग हिंदुधर्मावरील निबंध म्हणून १९११ मध्ये लंडनला निघाला. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली. वय अवघे सत्तावीस, आणि नावावर दोन इंग्रजी ग्रंथ. एखादा दुसरा विद्वान ह्या भांडवलावर आयुष्यभर प्राध्यापकी करून सुखाने निवृत्त झाला असता.

परदेशातील ह्या वर्षांकडे ग्रंथविक्रीच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक आहे. ब्रिटानिका विश्वकोशाची सुप्रसिद्ध अकरावी आवृत्ती २९ खंडांत १९१०-११ मध्ये बाहेर पडली. केतकर तेव्हा अमेरिकेत व इंग्लंडात होते. ह्या कोशाच्या विक्रीची एक नवी तऱ्हा त्याआधी दहा-बारा वर्षे इंग्लंडात रूढ झाली होती. १८९८ पासून लंडनच्या टाइम्स वृत्तपत्राने जुन्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण मोठमोठ्या जाहिराती देऊन, हप्त्यांची सोय करून, घरोघर पोहोचविले होते. सभ्य इंग्रज ह्या अमेरिकन धर्तीच्या विक्रीवर नाके मुरडीत, पण कोश खपत असे. त्याही पूर्वीचे उदाहरण फ्रान्सचे. दिदरोचा विश्वकोश १७५१ पासून १७७२ पर्यंत २८ खंडांत निघाला, तो आगाऊ वर्गणी भरणाऱ्या ग्राहकांच्या जोरावर. आणि मध्यंतरी राजाने बंदी घातली असता ग्राहकांचे पैसे अडकलेले असणे हेच त्या कामाचे एक मोठे संरक्षण ठरले. सांगावयाचे ते एवढेच की, विश्वकोश आणि वर्गणीदार ही जोडी केतकरांनी शोधून काढलेली नाही. मराठीत एवढ्या प्रमाणावर ती आणण्याचे धाडस मात्र त्यांचे.

१९१२ साली ते परतले आणि कलकत्ता विद्यापीठात काही काळ त्यांनी अध्यापन केले. कलकत्त्यास नगेंद्रनाथ बसूंचा बंगाली विश्वकोश नुकताच, १९११ मध्ये, २२ खंडांनिशी पूर्ण झाला होता. बंगालीला जे साधले ते मराठीला का साधू नये, हा विचार त्या वातावरणात कोणाही मराठी माणसाच्या मनात यावा असाच होता. १९१४ मध्ये भारतीय अर्थशास्त्र व हिंदू कायदा ह्या विषयांवर त्यांचे आणखी दोन इंग्रजी ग्रंथ निघाले. येथपर्यंतचे केतकर इंग्रजीत लिहिणारे विद्वान आहेत. यापुढे त्यांनी मराठी वाचकाचे दार ठोठावयास प्रारंभ केला.

हे दार ठोठावणे किती नवे होते, हे समजण्यासाठी मराठी ग्रंथव्यवहाराची पूर्वपीठिका पाहावी लागते. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला तो मुंबई सरकारच्या आश्रयाने. पुढे सरकारी शाळाखात्याने पुस्तके घेतली, संस्थानिकांनी देणग्या दिल्या, आणि आश्रयदात्यांची नावे पुस्तकाच्या आरंभी किंवा शेवटी छापण्याची प्रथा पडली. जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांतील पुस्तके उघडली की अशा याद्या आढळतात. कोणी किती प्रती घेतल्या तेही त्यांत दिलेले असते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला १८७४ पासून सात वर्षे चालविली, ८४ अंक काढले आणि बहुतेक मजकूर एकट्याने लिहिला. पण शाळा, छापखाना, चित्रशाळा, किताबखाना असा व्याप त्यांनी मागे लावून घेतला, निबंधमाला थांबली, आणि १८८२ मध्ये वयाची बत्तीस वर्षे पुरी होण्याआधीच ते गेले. व्यापामुळेच माला थांबली असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु लेखकाच्या हाती छापखाना आणि दुकान आले की लेखणीचे तास कोठून तरी कापले जातात, ही गोष्ट मराठीत तेव्हापासून दिसते.

केतकरांनी १९१६ च्या सुमारास नागपुरात महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ लिमिटेड ही संस्था उभी केली. लिमिटेड हा शब्द महत्त्वाचा आहे. देणगीवर चालणारी सभा किंवा संस्थानिकाच्या कृपेवर चालणारी समिती त्यांनी काढली नाही. १९१३ च्या नव्या कंपनी कायद्याच्या चौकटीत भागधारकांची कंपनी काढली. भाग विकून भांडवल उभारावयाचे आणि वर्गणीदार नोंदवून खंडांचा खप आधीच निश्चित करावयाचा, अशी ती दुहेरी योजना होती. हिच्यातील खुबी आणि धोका दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत. देणगीदार एकदा पैसे देऊन विसरतो. भागधारक हिशेब मागतो. वर्गणीदार खंड मागतो, तोही वेळेवर. म्हणजे केतकरांनी पहिली ओळ छापून होण्यापूर्वीच शेकडो मालक आणि शेकडो तगादेदार स्वतःहून ओढवून घेतले. त्यातच पहिले महायुद्ध चालू होते आणि कागद महागला होता.

भाग व वर्गणी यांसाठी केतकर आणि त्यांचे प्रतिनिधी गावोगाव फिरले. हे काम कसे चालते ते ज्याने कधी पावतीपुस्तक हातात घेतले आहे त्यास वेगळे सांगावयास नको. गावात उतरावयाचे, शाळामास्तर किंवा वकील गाठावयाचा, त्याच्या मध्यस्थीने संध्याकाळी व्याख्यान ठरवावयाचे. व्याख्यान संपल्यावर जी चार माणसे मागे रेंगाळतात त्यांच्याशी खरे काम असते. डॉक्टर, वकील, मालगुजार, पेन्शनर, वाचनालयाचे चिटणीस ही त्या काळची पुस्तक विकत घेऊ शकणारी मंडळी. विश्वकोश म्हणजे काय, हेच प्रथम समजावून द्यावे लागे. कारण तशी वस्तू मराठीत पूर्ण स्वरूपात कोणी पाहिलेली नव्हती. ज्या वस्तूचा नमुना दाखविता येत नाही ती विकणे सर्वांत कठीण. पोथी विकणारा पोथी उघडून दाखवितो. केतकरांपाशी दाखवावयास केवळ स्वतःचा विद्वत्तेचा लौकिक होता. आणि लौकिकाचा माणूस दाराशी आला की आपला समाज त्यास चहा देतो, आदराने बसवितो आणि पैशांचे पुढच्या खेपेस पाहू म्हणतो. केतकर स्वभावाने गोडबोले नव्हते, परखड होते, मते विक्षिप्त वाटावी अशी मांडीत. अशा मनुष्याने विक्रीचा धंदा अंगावर घ्यावा आणि तो तडीस न्यावा, ह्याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

आता वेळेचा प्रश्न. जो दिवस वर्गणीत गेला तो लेखणीचा नव्हता. केतकरांनी ह्यावर काढलेला तोड सहकाऱ्यांचा होता. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखी तरुण माणसे त्यांनी जवळ केली, संपादनाचे काम कचेरीच्या शिस्तीत बसविले, आणि लेखन हे एका माणसाच्या स्फूर्तीवर अवलंबून राहणार नाही अशी व्यवस्था केली. विश्वकोशाच्या कामास ती मानवणारी होती. ग्रंथ वाचावयाचे, टिपणे काढावयाची, ती वर्णानुक्रमे लावावयाची, एका हाताने लिहिलेले दुसऱ्याने तपासावयाचे, आणि छापखान्याकडे रोज काहीतरी पाठवावयाचे. प्रमुख संपादक गावाला गेला म्हणून जुळणी थांबली, असे होऊन चालणारे नव्हते. कवी किंवा कादंबरीकार हा तोड काढू शकत नाही. त्याच्याऐवजी दुसरा कोणी लिहू शकत नाही. केतकर स्वतः कादंबरीकार झाले तेव्हा त्यांनाही तो काढता आला नाही, ते पुढे येईलच.

दुसरी गोष्ट खंडांच्या क्रमाची. ज्ञानकोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनाखंड आहेत. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास असे त्यांचे विषय. त्यानंतर सहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत अकारविल्हे नोंदींचे सोळा खंड, बाविसावा सूचीचा आणि तेविसावा पुरवणीचा. ही रचना केतकरांच्या शास्त्रीय दृष्टीतून आली यात शंका नाही. आधी जगाच्या इतिहासाची मांडणी आणि मग सुटे शब्द, असा तिचा रोख आहे. परंतु मला तीत व्यवहारही दिसतो. अकारविल्हे कोशाचा पहिला खंड हातात आला की ग्राहकास अ पासून सुरू होणारे काही शब्द मिळतात आणि बाकीच्यांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. प्रस्तावनाखंड मात्र स्वतंत्र ग्रंथ म्हणून वाचता येतो. वर्गणी भरलेल्या घरात प्रथम असे पाच ग्रंथ पोहोचले आणि तेवढ्या अवधीत कचेरीत वर्णानुक्रमाच्या नोंदी तयार होत राहिल्या. हेतू काहीही असो, परिणाम चांगला झाला.

पहिला खंड १९२० मध्ये निघाला आणि १९२९ पर्यंत तेवीसही खंड पूर्ण झाले. वर्षाला सरासरी अडीच खंड पडतात. मराठीत ह्या गतीचे काम तोपर्यंत झाले नव्हते. कचेरी पुण्यास हलली होती, छापखाना लागत होता, कागद लागत होता, माणसांचे पगार लागत होते. आणि पुढच्या खंडाचा खर्च मागच्या खंडाच्या वसुलीतून निघावा लागत होता. हे चक्र एकदा थांबले असते तर पुन्हा फिरले नसते. ज्ञानकोशातील काही नोंदी घाईच्या आहेत, काही परक्या कोशांवर फार विसंबलेल्या आहेत, असा आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. परंतु ज्यांनी सावकाश, निर्दोष कोश करावयाचे ठरविले अशा किती योजना आपल्याकडे दुसऱ्या खंडापर्यंत पोहोचल्या, हेही विचारावयास पाहिजे. वर्गणीदाराचा तगादा हा ज्ञानकोशाचा शत्रू होता तसाच त्याचा घड्याळजीही होता.

याच १९२० साली केतकरांचा विवाह झाला. लंडनच्या मुक्कामात त्यांची ओळख एडिथ कोहन ह्या ज्यू कुळातील जर्मन विदुषीशी झाली होती. युद्ध संपल्यावर त्या हिंदुस्थानात आल्या, व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदुधर्मात घेण्यात आले आणि त्या शीलावती केतकर झाल्या. ह्या बाईंचे कर्तृत्व नवऱ्याच्या सावलीत झाकले गेले आहे. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचे जर्मनमधून इंग्रजीत त्यांनी केलेले भाषांतर कलकत्ता विद्यापीठाने १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. आजही अभ्यासक ते वापरतात. ज्ञानकोशाच्या धकाधकीच्या वर्षांत, परक्या मुलखात, परक्या भाषेत संसार चालवून त्यांनी हे केले.

खंड निघत असतानाच केतकर कादंबरीकडे वळले. ‘गोंडवनातील प्रियंवदा’ आणि ‘परागंदा’ ह्या कादंबऱ्या १९२६ मधल्या. ‘ब्राह्मणकन्या’ १९३० मधली. ‘आशावादी’, ‘गावसासू’, ‘विचक्षणा’ आणि ‘भटक्या’ धरून त्यांच्या एकूण सात कादंबऱ्या. पहिल्याच नावातील गोंडवन हा शब्द आपल्याला घरचा आहे. देवगडच्या गोंड राजांचा मुलूख तो हाच. नागपूर शहर वसविणारा बख्तबुलंद देवगडचाच. मराठी कादंबरी त्या वेळी पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत वावरत असता केतकरांनी तिला नागपूरकडे आणली, अमेरिका-इंग्लंडातील मराठी माणसांकडे नेली, गिरणी कामगारांच्या चळवळीत, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरात, बेने इस्रायली कुटुंबात नेली. ह्या कादंबऱ्यांत जाती, धंदे, पोटजाती, सोयरिकी, देण्याघेण्याचे व्यवहार यांची जी जिवंत माहिती आहे ती केवळ पुस्तके वाचून मिळणारी नव्हे. वर्गणीसाठी दारोदार हिंडलेल्या माणसाने महाराष्ट्राची जितकी घरे आतून पाहिली असतील तितकी त्या काळच्या क्वचितच कोणा कादंबरीकाराने पाहिली असतील. विक्रीत गेलेले दिवस लेखनातून सर्वस्वी वजा झाले नाहीत, असे म्हणावयास येथे जागा आहे.

पण तेवढ्यावर समाधान मानता येत नाही. ह्या कादंबऱ्या ओबडधोबड आहेत. प्रकरणे मध्येच तुटतात, पात्रे चर्चा करीत सुटतात, एखादा प्रसंग रंगू लागला की लेखक समाजशास्त्राचे टिपण काढून बसतो. मी महाविद्यालयात ‘ब्राह्मणकन्या’ शिकविली आहे, आणि कालिंदीसारखी नायिका १९३० मध्ये उभी करणाऱ्या लेखकाने तिच्यावर आणखी सहा महिने खर्च केले असते तर काय झाले असते, हा विचार प्रत्येक वेळी मनात येतो. ते सहा महिने त्यांच्यापाशी नव्हते. कोशाच्या नोंदी दुसऱ्या हातांना देता आल्या. कालिंदी देता आली नाही. कलावंताच्या सफाईची केतकरांना पर्वाच नव्हती, असे काही टीकाकार म्हणतात. असेल. पण ज्याला उसंतच मिळाली नाही त्याने सफाई नाकारली होती की तिला मुकला, हे ठरविणे सोपे नाही. दुर्गाबाई भागवतांनी पुढे ‘केतकरी कादंबरी’ हे पुस्तक लिहून ह्या कादंबऱ्यांचे सामर्थ्य दाखवून दिले. तोवर केतकरांना जाऊन बराच काळ लोटला होता. कोशासाठी वाचक शोधून आणणाऱ्या ह्या लेखकाने आपल्या कादंबऱ्यांसाठी तशी पायपीट केल्याचे दिसत नाही.

आणखीही काही राहून गेले. जातिसंस्थेच्या इतिहासाचे काम तरुणपणी ज्या आवाक्याने आरंभिले होते तेवढे ते पुढे गेले नाही. प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासाची मोठी योजना शातवाहन पर्वापुरतीच तडीस गेली. गुजराती ज्ञानकोशाचा उद्योगही त्यांनी हाती घेतला, आणि तो पूर्णत्वास पोहोचला नाही. दरम्यान ‘विद्यासेवक’ मासिक चालविले, राजकारणावर लिहिले, मराठी काव्याचे परीक्षण केले. एक संपले की दुसरे हाती घ्यावयाचे, आणि प्रत्येकासाठी पुन्हा भांडवल शोधावयाचे, हा क्रम सुटला नाही.

ज्ञानकोशाच्या व्यवहाराबद्दलचे त्यांचे स्वतःचे पुस्तक विशेष उल्लेखनीय आहे. ‘माझे बारा वर्षांचे काम’ ह्या नावाने त्यांनी ज्ञानकोश मंडळाचा इतिहासच लिहून काढला. पैसा कसा उभारला, माणसे कशी मिळविली, अडचणी कोणत्या आल्या, हे लोकांपुढे मांडणे त्यांना आवश्यक वाटले. ग्रंथकाराने ग्रंथामागील धंद्याचा इतिहास लिहावा, ही गोष्ट मराठीत विरळाच. विद्वान मंडळींना पैशाचा उल्लेख अप्रशस्त वाटतो. केतकरांना तो वाटला नाही, कारण तो पैसा भागधारकांचा आणि वर्गणीदारांचा होता. आपल्या भागात स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या तरुणांनी केतकरांची दुसरी पुस्तके वाचली नाहीत तरी चालेल, हे मात्र कोठूनही मिळवून वाचावे.

१९३१ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद केतकरांना मिळाले. निजामी राज्यातील मराठी माणसांच्या संमेलनात ज्ञानकोशकार अध्यक्ष असावेत, हे औचित्याचे झाले. मानसन्मान मिळाला, पैसा मिळाला नाही. अखेरची वर्षे ओढग्रस्तीत गेली आणि १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांनी घडविलेली माणसे मात्र कामाला लागलेली होती. दाते व कर्वे यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड १९३२ पासून काढावयास सुरुवात केली; ज्ञानकोशाच्या कचेरीत मुरलेली शिस्त त्यांत दिसते. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र राज्य झाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश सुरू झाला. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्याला शासनाची तिजोरी होती. संपादकाला वर्गणीसाठी सौसरपर्यंत येण्याची गरज उरली नाही, आणि १९५६ नंतर आपण त्या तिजोरीच्या राज्याबाहेर पडलो होतो. पुढे केतकरांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या पुढाकाराने संगणकावर आला, त्यामुळे रामाकोन्यातील विद्यार्थ्यालाही तो घरबसल्या उघडता येऊ लागला. वर्गणी न भरता.

केतकरांचे चरित्र द. न. गोखले यांनी लिहिले असून ‘डॉ. केतकर’ ह्या त्या ग्रंथास १९६१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चिकित्सा, सहानुभूती आणि तपशील ह्या तिन्ही दृष्टींनी ते मराठीतील उत्तम चरित्रांपैकी एक आहे. पतीच्या निधनानंतर शीलावतीबाई पुष्कळ वर्षे जगल्या आणि त्यांनी ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ ह्या नावाने आपल्या सहजीवनाची हकिकत मराठीत लिहिली. खंडांची बोळवण करून नवरा दौऱ्यावर गेल्यावर मागे जे घर उरते त्या घराच्या बाजूने हा सारा उद्योग कसा दिसला असेल, हे ज्यांना जाणून घ्यावयाचे आहे त्यांनी ते पुस्तक वाचावे. ग्रंथालयाने ज्ञानकोशाचे तेवीस खंड ज्या कपाटात ठेवले असतील, त्याच कपाटात, चोविसाव्या जागी, ते ठेवावयास हरकत नसावी.